खत, खातं आणि कारण

हंगाम सुरू झाला की वरवंडच्या शिवारात वाराच गोड होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साठेक किलोमीटर आलं, चौफुला मागे पडला की उसाचा ओला वास, चिपाडाचा धूर आणि कढत काकवी असं सगळं एकदम नाकात शिरतं. माझ्या मामांच्या रानाच्या बांधाला लागून एक गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात मी तिथं एक अख्खी दुपार बसून होतो.

चुलवाणावर मोठी काहील. खाली एकजण वाळलेलं चिपाड मूठमूठ आत सरकवतोय. वर रस तापतो, मळी वर येते, ती झाऱ्याने ओढून काढतात, भेंडीचं पाणी घालतात, पुन्हा मळी ओढतात. मग रस पिवळा, तांबूस, गर्द होत जातो आणि एका क्षणी फेस काठापर्यंत चढतो. त्या क्षणापासून काहिलीभोवती कुणी बोलत नाही. गुळव्या फावड्याच्या टोकावरचा पाक गार पाण्यात सोडतो, दोन बोटांत त्याची गोळी वळतो, दाबतो, पुन्हा एकदा सोडतो. आणि म्हणतो, "उतरवा." अर्धं मिनिट अलीकडे झालं तर गूळ चिकट राहतो, ढेप बसत नाही, पलीकडे गेलं तर काळपट होतो आणि भाव पडतो. मी विचारलं, तुम्हाला कळतं कसं? तो म्हणाला, "बघून बघून."

बँका आज कृत्रिम बुद्धिमत्तेचं जे यंत्र कर्जाच्या दारावर बसवतायत, त्याची याहून साधी व्याख्या मला कुठं सापडली नाही. लाखो जुनी कर्जं त्याला दाखवली जातात: हा फेडला, हा थकला, याने तीन हप्ते चुकवून चौथा भरला. ते बघून बघून शिकतं. पुढे कुणी नवा माणूस आला की त्याच्या माहितीचा थेंब पाण्यात सोडतं आणि सांगतं, उतरवा किंवा राहू द्या. गुळव्यासारखंच त्यालाही शब्दांत सांगता येतंच असं नाही. फरक एकच, पण मोठा. गूळ बिघडला तर गुळव्या काहिलीशेजारी उभा असतो.

त्याच दुपारी मामांनी मला त्यांचा फोन दाखवला. ठिबक करायला त्यांनी एका बँकेच्या ॲपवरून कर्ज मागितलं होतं. सात-बारा, आठ-अ, आधार, सगळं नात्यातल्या एका मुलाने बसून भरलं. काही मिनिटांत उत्तर आलं. इंग्रजीत दोन ओळी: अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज पुढे नेता येत नाही. मामांचं वय सदुसष्ट. गावच्या सोसायटीत त्यांची बाकी कधी राहिली नाही. ते मला म्हणाले, "नाही म्हणाले याचं काही नाही रे. पण का, ते तरी सांगायचं ना. कुणाला विचारायचं आता? शाखेत गेलो तर साहेब म्हणतात, सिस्टीम घेत नाही."

*

हे ऐकताना मला सुपं आठवलं. चौफुल्यावरून दक्षिणेला वळलं की वीसेक किलोमीटरवर सुपं. आज ते बारामती तालुक्यात आहे. तेव्हा हा सगळा मुलूख भीमथडी. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी तिथं आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांतून वह्या आणि कर्जाची खतं बाहेर काढून त्यांची होळी केली. तिथून दंगा भीमथडीत, इंदापुरात, शिरूरच्या बाजूला आणि नगर जिल्ह्यात पसरला. ठिणगी मात्र आधीच पडली होती, शिरूर तालुक्यातल्या करड्यात. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या एका सावकाराने गावच्या देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचं घर विकायला काढलं, आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कुणी त्यांच्या रानात जाईना, न्हावी दाढी करीना, पाणी भरीना.

इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या नोंदींत मला सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने खतं मुकाट्याने दिली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यात काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, तो कागद त्यांना जाळायचा होता. शंभराचे दोनशे कसे झाले, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यावर पुष्कळ टीका झाली, त्यातल्या पळवाटा सावकारांनी लगेच शोधल्या. तरीही त्यातली एक तरतूद मला थोर वाटते. खत गावच्या नोंदणी कारकुनासमोर लिहायचं. भरलेल्या पैशाची पावती द्यायची. मागितलं तर वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक द्यायचं. आणि वाद कोर्टात गेला तर न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन, मूळ रक्कम किती आणि वाढली कशी, ते उलगडून बघायचं. खताच्या मागे जाणं, हेच त्या कायद्याचं खरं काम. दीडशे वर्षांनी त्याच मुलखात मामा फोन हातात धरून तेच मागत होते.

*

यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण जुनी रीत फार सुखाची होती असं कुणी म्हणू नये. पीककर्जासाठी तलाठ्याकडे फेरी, इतर बँकांचे बेबाकी दाखले, वकिलाचा शोध अहवाल, सात-बारावर बोजा चढवणं, आणि प्रत्येक कागदामागे एक रोज बुडणं. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली किसान क्रेडिट कार्डाचा डिजिटल प्रयोग जाहीर केला तेव्हा तिनेच म्हटलं होतं की ग्रामीण कर्ज हाती पडायला दोन ते चार आठवडे जातात, आणि तिच्या नवोपक्रम केंद्राच्या एका अंदाजानुसार शेतकऱ्याला पडणारा खर्च कर्जाच्या सहा टक्क्यांपर्यंत जातो. लाखाच्या कर्जामागे सहा हजार, आणि ते व्याज धरायच्या आधी. त्या प्रयोगात पुढे महाराष्ट्रही आला. त्यातूनच नंतर ती व्यवस्था उभी राहिली जिला आता युनिफाइड लेंडिंग इंटरफेस म्हणतात: जमिनीची नोंद, ओळख, दुधाच्या डेअरीचा हिशेब, सगळं कर्जदाराच्या संमतीने एका वाटेने बँकेपर्यंत.

आयसीआयसीआय बँकेने तर २०२० मध्येच उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शेतकऱ्याची पत जोखायला सुरुवात केल्याचं सांगितलं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातेतली पाचशेहून अधिक गावं त्यात होती. रानात पीक कोणतं, पाणी किती, गेल्या काही हंगामांत हिरवं किती राहिलं, हे वरून दिसतं. आपल्या राज्यात २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आहे, आता शेतकरी ओळख क्रमांक आहे. शेजारी बारामतीला कृषी विज्ञान केंद्रात याच जातीचं तंत्र उसाला पाणी-खत किती द्यायचं ते सांगतंय. म्हणजे ज्या रानाकडे बघून यंत्र शेतकऱ्याला सल्ला देतं, त्याच रानाकडे बघून दुसरं यंत्र बँकेला सल्ला देतं.

बँकेला याचा फायदा उघड आहे. छोटं कर्ज तपासायला मोठ्या कर्जाइतकीच माणसं लागत असतील तर छोटं कर्ज परवडत नाही. तपासणीचा खर्च उतरला की परवडतं. फसवणूक लवकर पकडता येते. चोरीचा पैसा फिरवायला वापरली जाणारी भाड्याची खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राने 'म्यूलहंटर' नावाचं यंत्र काढलं आहे, आणि आज गावोगावची माणसं ज्या वेगाने फोनवर लुटली जातायत ते बघता ते सगळ्या बँकांत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

पण यंत्रामुळे बँका सुधारल्या, हे जे हल्ली सरसकट ऐकू येतं ते मला मान्य नाही. आपल्या बँकांची ढोबळ थकीत कर्जं २०१८ च्या मार्चमध्ये ११ टक्क्यांच्या वर होती, २०२५ च्या मार्चमध्ये ती २.३ टक्क्यांवर आली. मोठा फरक आहे. मात्र त्यामागे २०१५ साली सुरू झालेली मालमत्तेची कडक तपासणी, २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा, सरकारने ओतलेलं भांडवल आणि निर्लेखित केलेली प्रचंड कर्जं आहेत. यंत्राचा वाटा त्यातून वेगळा काढून दाखवता येत नाही. आणि अजून यंत्र पोचलंय तरी किती? जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईच्या डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. ६१२ संस्थांना विचारलं, तेव्हा १२७ संस्था यंत्र वापरत किंवा घडवत होत्या. लहान नागरी सहकारी बँकांत तर जवळजवळ नाहीच. ज्या बँका वरवंडसारख्या गावाला जवळच्या, त्यांच्याकडे यंत्र नाही. ज्यांच्याकडे यंत्र आहे, त्यांना वरवंड उपग्रहातून दिसतं.

*

आणि उपग्रहातून काय दिसत नाही, ते गावात कुणीही सांगेल.

नवं-जुनं दिसत नाही. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. व्याज केंद्र आणि राज्य सरकार भरतं. म्हणून मार्चअखेर सोसायटीत झुंबड. पण ऊस गेलाय, बिल आलेलं नाही, हातात पैसा नाही. मग चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलायचं, आणि त्यातून हातउसन्याचे फेडायचे, वरच्या व्याजासकट. वहीत काय दिसतं? कर्जदाराने पूर्ण रक्कम मुदतीत भरली. यंत्राला हा माणूस सोन्यासारखा वाटेल. सोसायटीच्या गटसचिवाला मात्र ठाऊक असतं की अमक्याने पैसे कुणाकडून आणले आणि पुढच्या साली त्याला जमेल की नाही.

उलटंही होतं. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना मधली काही वर्षं बंद होता. ज्यांचा ऊस दारातल्या कारखान्याला जायचा त्यांना लांबचे कारखाने आणि गुऱ्हाळं धुंडाळावी लागली. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, पैसा उशिरा येतो आणि हप्ता चुकतो. यंत्राला हप्त्याची तारीख दिसते, कारखान्याचं बंद धुराडं दिसत नाही. गुऱ्हाळाला घातलेल्या उसाचे पैसे पुष्कळदा रोख मिळतात. रोखीचा माणूस यंत्राच्या लेखी गरीब, आणि तेवढाच पैसा खात्यातून फिरवणारा सधन. माणूस मात्र तोच.

*

यंत्राने काय बघावं, हे बँक कसली आहे यावरही ठरतं. वरवंडच्या याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की सोलापूर. तिथल्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली एका शाखेत बिनव्याजी बँकिंगची स्वतंत्र खिडकी उघडली होती. लोकमंगल समूह उभा करणारे सुभाष देशमुख तेव्हा राज्याचे सहकारमंत्री होते. इस्लामी बँकिंगच्या धर्तीवर व्याजाशिवाय ठेव आणि व्याजाशिवाय कर्ज, असा तो प्रयोग. त्याची बातमी देशभर झाली. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या नोव्हेंबरात, माहिती अधिकाराखालच्या एका अर्जाला उत्तर देताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशात इस्लामी बँकिंग आणण्याचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, असं ठरलं आहे. बँकिंगच्या सेवा सर्व नागरिकांना सारख्याच खुल्या आहेत, हे त्यामागचं म्हणणं.

वरवंडच्या माणसाला हा विषय परका वाटायचं खरं तर कारण नाही. शब्दच बघा. कर्ज, जामीन, मुदत, वसूल, रक्कम, जमा, खर्च, बाकी, हिशेब: सोसायटीच्या वहीतले निम्मे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेले आहेत. इस्लामी परंपरेत परतफेडीपलीकडे काही न मागता दिलेल्या उसन्याला 'कर्ज-ए-हसना' म्हणतात. त्यातलं कर्ज ते हेच. 'मुदारबा' म्हणजे एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, नफा ठरलेल्या वाट्याने. आपल्याकडे अर्धेलीने रान करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 'सलम' म्हणजे पिकाचे पैसे आधी देऊन माल पुढे घेणं. गुऱ्हाळवाल्याकडून उचल घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातली सोय आणि जोखीम दोन्ही ठाऊक आहेत.

मुळंही जवळची आहेत. आपल्या गावसोसायट्यांचा जन्म १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातला, आणि त्यामागचा आदर्श जर्मनीतल्या राइफायझनच्या ग्रामीण पतसंस्थांचा. दख्खनच्या दंग्याची धग त्या विचारामागे होतीच. तिकडे इजिप्तमध्ये मित गम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी १९६३ साली बिनव्याजी बचत बँक काढली, तीही जर्मनीत शिकून, तिथल्या स्थानिक बचत बँका बघून. नंतर १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक आली आणि हा व्यवहार मोठा झाला. म्हणजे वरवंडची सोसायटी आणि मित गम्रची बँक या एकाच विचाराच्या दोन दूरच्या लेकी.

यंत्र या दोन तऱ्हेच्या बँकांत गेलं की काय होतं, हा प्रश्न मला इथं खरा रंजक वाटतो. व्यापारी बँकेचा हिशेब असा: जोखमीचा माणूस असेल तर दर वाढवा, हप्ता चुकला तर दंड घ्या. अंदाज थोडा चुकला तर तो व्याजातून भरून निघतो. इस्लामी बँकेला ही वाट बंद. बहुतेक ठिकाणी ती 'मुराबहा' करते, म्हणजे वस्तू स्वतः विकत घेऊन नफा धरून हप्त्यांनी विकते. एकदा ठरलेली किंमत नंतर वाढवता येत नाही. उशिराचा दंड घेतलाच तर तो बँकेच्या नफ्यात न धरता दानधर्माला द्यायचा. त्यामुळे माणूस ओळखण्यातली चूक तिला जास्त महाग पडते आणि नेमकं जोखणाऱ्या यंत्राची तिला जास्त गरज.

पण मुदारबात यंत्राने शिकलेलं निम्मं निरुपयोगी ठरतं. तिथं धंदा प्रामाणिकपणे करूनही बुडाला तर तोटा भांडवल देणाऱ्याचा. तेव्हा हा माणूस हप्ता भरेल का, यापेक्षा हा धंदा चालेल का, हे विचारावं लागतं. माणसाची पत बाजूला राहते आणि उसाची, पावसाची, गुळाच्या भावाची पत बघावी लागते. जुन्या हप्त्यांच्या तारखांवर शिकलेलं यंत्र तिथं मुकं होतं; रानाकडे बघणारं यंत्र कामाला येतं. मला वाटतं, आपल्या पीककर्जाला हाच दुसरा प्रश्न जास्त शोभतो. शेतकरी बुडतो तो बहुधा पिकाने आणि भावाने बुडतो. त्याच्या नियतीत खोट असते म्हणून नव्हे.

आणि त्या परंपरेतला एक शब्द मला फार मोलाचा वाटला: 'गरर'. ज्या करारात काय घडणार, कशावर ठरणार हे एका बाजूला अंधारात ठेवलेलं असतं, त्या अंधाराला हे नाव. असा करार दोषी मानतात. १८७९ चा कायदा खताच्या मागे जा म्हणतो, आणि ही परंपरा अंधार नको म्हणते. भट्टाचार्य समितीने जी सात सूत्रं मांडली, त्यांत यंत्र मुळातच समजण्याजोगं असावं, हे एक आहे. युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या २०२४ च्या कायद्यात माणसाची पत ठरवणारं यंत्र 'अति जोखमीचं' म्हणून वेगळं काढलं आहे.

*

मामांचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यासाठी आम्हाला नवा कायदा लागला नाही, जुनेच नियम पुरले. फक्त ते शाखेत कुणी सांगितले नव्हते. छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच बँकांना सांगितलं आहे आणि २००७ मध्ये ते सगळ्या कर्जांना लागू केलं. पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत. गावात आपण चारींना 'सिबिल'च म्हणतो. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करायची, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

आम्ही चारही अहवाल काढले. तीन स्वच्छ. चौथ्यात एका दुचाकीचं कर्ज, सात हप्ते थकलेले. मामांनी आयुष्यात दुचाकी घेतलेली नाही. ते अजून सायकलवर रानात जातात. नाव सारखं, वडिलांचं नाव सारखं, जन्मसाल मात्र वेगळं. कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यातल्या नावबंधूची बाकी मामांच्या पाटीवर चढली होती. यंत्राने त्या दिवशी चुकीचं काही केलं नव्हतं, त्याला दिलेला थेंबच दुसऱ्याच्या काहिलीतला होता. पण ते सांगायला कुणी शेजारी उभं नव्हतं.

तक्रार नात्यातल्या त्याच मुलाने घातली, मी मराठीत एक अर्ज लिहून शाखेत दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायला मामांनीच बजावलं होतं. मंजूर झालेल्या कर्जाचं तथ्यपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं, असा नियम आता झाला आहे. नकारालाही तो लावावा, एवढी एकच मागणी मी त्या अर्जाच्या शेवटी जोडली. बँकेचं त्यावर उत्तर आलेलं नाही. नोंद मात्र सव्विसाव्या दिवशी दुरुस्त झाली.

मामांनी मग ठिबकचं कर्ज तिथं पुन्हा मागितलं नाही. मार्च जवळ आला होता, सोसायटीचं नवं-जुनं तोंडावर होतं आणि गुऱ्हाळाचे पैसे यायचे होते. मी निघालो तेव्हा ते माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढत होते. आत जुनी खातेपुस्तकं, सोसायटीच्या पावत्या, त्यांच्या वडिलांच्या काळचं एक पिवळं पडलेलं गहाणखत, मागे फेडल्याची नोंद असलेलं. दुरुस्त झालेल्या अहवालाची छापील प्रत त्यांनी घडी घालून त्यावर ठेवली आणि मला विचारलं, "यावर तारीख आहे ना रे कुठं? दाखव बरं." मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मग पेटी लावली.